बैठं घर विक्रीला काढण्याआधी : जुळे सोलापुरातल्या कामाच्या नोंदी

घर सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर भागातलं. ३० बाय ४० चा प्लॉट, १९९४ च्या सुमाराचं बैठं बांधकाम, दगडी जोतं, विटांच्या भारवाही भिंती, वर ६४० चौरस फुटांचा स्लॅब. आत मोझॅक फरशी, पुढे शहाबादीचा व्हरांडा, अंगणात हौद आणि बोअर. बराच काळ बंद होतं. विक्रीसाठी केलेलं काम, लागलेला खर्च आणि जिथे काम उलटलं त्या जागा इथे तारखेनिशी लिहिल्या आहेत. असंच जुनं घर ज्यांना विक्रीला तयार करायचं आहे, त्यांना उपयोग व्हावा.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवली. घेणारा माणूस ओटा, टाइल्स, रंग आपल्या आवडीने बदलणारच असतो. त्यावर विकणाऱ्याने घातलेला पैसा तो धरत नाही. तो बिचकतो ओलीला, पाण्याला आणि कागदाला. सोलापुरात घर बघायला आलेला माणूस हॉलमध्ये बसायच्या आधी विचारतो, 'नळाला पाणी किती दिवसांनी येतं? हौद केवढा? बोअर चालू आहे का?' म्हणून पैसा आधी तिथे घालायचा.

८ जानेवारी : पाहणी

टॉर्च, पेन्सिल, छोटी हातोडी आणि वही एवढंच लागतं. प्रत्येक खोलीत टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरला की फुगवटे आणि जुने पॅच लगेच दिसतात. हातोडीने गिलावा ठोकत गेलं की पोकळ आवाज कुठे येतो ते कळतं. तेवढ्या भागाभोवती पेन्सिलने रेघ.

सापडलं ते असं. बाथरूमला लागून असलेल्या हॉल आणि बेडरूमच्या भिंतीला खालून अडीच फुटांपर्यंत लोणा, हात लावला की पांढरी भुकटी. बेडरूमच्या वायव्य कोपऱ्यात छताला पिवळा डाग. बाथरूमच्या दाराच्या चौकटीला वाळवी. नळ पांढरे पडलेले. मागच्या बाजूला मार्जिनमध्ये, म्हणजे हद्दीपर्यंत मोकळ्या सोडायच्या जागेत, पत्र्याची खोली.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली एक भेगही होती. खाली काळी माती असेल तिथे अशी भेग उन्हाळ्यात उघडते, पावसाळ्यात मिटते. ती जिवंत आहे की जुनी, हे कळायला भेगेवर आडवा पीओपीचा गोळा थापला आणि त्यावर तारीख लिहिली. गोळा तडकला तर भेग हलते आहे, मग नुसतं भरून उपयोग नाही. जोत्याभोवतीचा कोबा भिंतीपासून सुटून बोटभर फट पडली होती. पावसाचं पाणी तिथूनच पायाकडे जातं. ती फट साफ करून भरली आणि कोब्याला बाहेरच्या बाजूला उतार दिला, दर ५० इंचांना १ इंच. पीओपीचा गोळा एप्रिलपर्यंत अखंड राहिला.

१० जानेवारी : कागद

संक्रांतीच्या आसपास सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. त्या आठवड्यात गवंडी-बिगारी मिळतील असं धरून कामाचं वेळापत्रक आखू नका. तो वेळ कागदांना आणि मजूर न लागणाऱ्या तपासण्यांना दिला.

हद्दवाढ भागातल्या प्लॉटची नोंद प्रॉपर्टी कार्डावर आहे की अजून ७/१२ वरच आहे, हे आधी बघावं. मग खरेदीखत, सूची क्रमांक २ (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), बिनशेतीचा आदेश, बांधकाम परवाना, मंजूर नकाशा, वापर परवाना, मिळकत कराची चालू पावती आणि महावितरणचं बिल. या प्रत्येक कागदावर नाव आणि क्षेत्र एकच आहे का, ते ओळीने ताडून पाहायचं. वीजबिल वडिलांच्या नावावर, कर आजोबांच्या नावावर आणि खरेदीखत तिसऱ्याच्या नावावर, असं सर्रास आढळतं. घेणाऱ्याचं कर्ज अशा ठिकाणी अडकतं.

घर वारसाहक्काने आलं असेल तर 'वारस नोंद लागली, आता विकायला मोकळे' असं समजू नये. नोंद म्हणजे मालकीचा निवाडा नव्हे. बहिणींसह सगळ्या वारसांच्या सह्या खरेदीखतावर हव्यात, नाहीतर आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र. ही बोलणी रंगकामाच्या आधी करावीत. गिऱ्हाईक उभं राहिल्यावर बहिणीला फोन करणं बरं दिसत नाही, आणि त्या घाईत नाती तुटतात.

मागची पत्र्याची खोली मंजूर नकाशात नव्हती. बँकेचा व्हॅल्युअर टेप घेऊन येतो आणि नकाशाशी मोजमाप लावतो. खोली ठेवली असती तर 'एक खोली जास्त' म्हणून सांगता आलं असतं, पण कर्जाच्या फाइलला तीच आडवी आली असती. पत्रे आणि अँगल उतरवून भंगारात दिले. स्वयंपाकघराची खिडकी मोकळी झाली, तिथे सकाळपासून उजेड येऊ लागला. ज्यांचा प्लॉटच गुंठेवारीतला (परवानगीविना तुकडे पाडून विकलेल्या जमिनीतला) आहे त्यांनी २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमितीकरण झालंय का ते पाहावं. ते नसेल तर घेणाऱ्याला बँकेचं कर्ज मिळणं अवघड होतं.

१३ जानेवारी : गच्चीवर पाणी भरून तपासणी

छताला डाग दिसला की थेट वॉटरप्रूफिंगची बादली आणायची घाई होते. आधी पाणी कुठून शिरतंय ते शोधावं. पन्हळीच्या पाइपांची तोंडं प्लॅस्टिक आणि फडक्याच्या बोळ्याने बंद केली, सरासरी २ इंच पाणी भरलं. ६४० चौरस फुटांना साधारण ३,००० लिटर लागतं; बोअरचं चालतं. ४८ तास ठेवलं. ३,००० लिटर म्हणजे ३ टन वजन. चांगल्या स्लॅबला ते जड नाही, पण खालून सळ्या उघड्या पडलेला किंवा पोपडे सुटलेला स्लॅब असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पाणी भरू नका.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेडरूमच्या कोपऱ्यात डाग गडद झाला. मधला कोबा मात्र कोरडा. पाणी शिरत होतं दोन ठिकाणांहून : गच्चीचा कोबा आणि कठड्याची भिंत जिथे मिळतात तो सांधा, आणि सोलर वॉटर हीटरचा पाइप स्लॅबमधून खाली जातो ते भोक. म्हणजे सगळा कोबा फोडून नवा करायची गरज नव्हती. एका ठेकेदाराने मात्र सगळा फोडायलाच सांगितलं होतं आणि ९० हजारांचा आकडा दिला होता.

२१ जानेवारी : गच्चीचं काम

सांध्यातला जुना वाटा (कोपऱ्यात भरलेली सिमेंटची पट्टी) छिन्नीने काढला. भेगा व्ही आकारात १० ते १२ मिलिमीटर उघडल्या, तारेच्या ब्रशने साफ केल्या. धूळ राहिली तर वरचा थर धुळीला चिकटतो, कोब्याला नाही. म्हणून ब्लोअरने उडवली. भरणीला १ भाग सिमेंट, ३ भाग चाळलेली वाळू, पाण्यात लॅटेक्स मिसळून. सांध्याला गोलाईचा नवा वाटा, उंची ३ इंच. पाइपच्या भोकाभोवतीही तसाच.

वाट्यावर आणि भेगांवर फायबरची जाळी ठेवून ॲक्रिलिक कोटिंगचा हात, मग सगळ्या गच्चीला दोन हात, दुसरा हात पहिल्याला आडवा. २० लिटरच्या दोन बादल्या संपल्या.

यात एक भाग बिघडला. दक्षिणेकडचा पट्टा मजुरांनी दुपारी १ वाजता तापलेल्या कोब्यावर मारला. जानेवारीतही सोलापुरात दुपारी कोबा चटका देतो. वरची साय लगेच वाळली, खालची वाफ बाहेर पडताना बारीक टाचणीएवढी भोकं पडली. तेवढा भाग घासून पुन्हा मारावा लागला. कोटिंग सकाळी ९ च्या आत किंवा ऊन उतरल्यावरच, आणि त्याआधी कोबा ओल्या फडक्याने पुसून गार करायचा.

कोटिंग पांढरंच घेतलं. दाराचं तोंड पूर्वेला असल्यामुळे बेडरूम पश्चिमेला, दुपारनंतर ती भट्टी होते. पांढऱ्या गच्चीमुळे पंख्याखाली उतरणारी धग चांगलीच कमी झाली. घर बघायला येणाऱ्याला हे न सांगता कळतं.

खर्च : कोटिंग ९,२००, जाळी-लॅटेक्स-सिमेंट-वाळू ४,१००, मजुरी ८,०००. कोटिंग पक्कं झाल्यावर पुन्हा पाणी भरून पाहिलं. कोपरा कोरडा राहिला.

२८ जानेवारी : भिंतीतली ओल, खरं कारण

भिंतीच्या ओलीबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं होतं. जोत्यातून चढणारी ओल असेल तर ती घरभर थोडीबहुत दिसते. इथे ती फक्त बाथरूमच्या भिंतीला होती. रात्री सगळे नळ बंद करून वरच्या टाकीत पाण्याच्या पातळीला खूण केली. सकाळी पातळी खाली. मग बाथरूमच्या लाइनचा कॉक बंद करून तेच केलं. पातळी जागच्या जागी. गळती त्याच लाइनला होती.

भिंत फोडल्यावर अर्ध्या इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, गंजून फुटलेला निघाला. काढलेला तुकडा आडवा कापून पाहिला. बाहेरून धडधाकट, आत तपकिरी गंजावर पांढऱ्या क्षाराची थरावर थर चढलेली पुटं, आणि मधे शिसपेन्सिल कशीबशी जाईल एवढं भोक. तीस वर्षांचं बोअरचं पाणी. नळाची धार बारीक येते म्हणून नळ बदलत बसलेली घरं पुष्कळ आहेत. त्यांनी आधी पाइपचा एक तुकडा कापून बघावा.

नुसता एल्बो बदलून भागलं असतं, पण उरलेली लाइन त्याच वयाची. बाथरूम आणि स्वयंपाकघराची पूर्ण लाइन सीपीव्हीसीची (प्लॅस्टिक पाइपची) केली. भारवाही भिंतीत आडव्या झिऱ्या (पाइपसाठी खाचा) मारणं बरोबर नाही, म्हणून लाइन मागच्या भिंतीवर बाहेरून क्लॅम्पने नेली आणि गरज तिथेच आत घेतली. उघडी लाइन दिसायला साधी, पण घेणाऱ्याला ती दिसते, दुरुस्त करता येते. उन्हाने सीपीव्हीसी ठिसूळ होतो. त्यावर पाण्यातला ॲक्रिलिक रंग द्यावा, ऑइलपेंट नाही. सांधे जोडल्यावर एक रात्र मधे जाऊ दिली, मग हातपंपाने ६ किलोच्या (चौरस सेंटीमीटरला) दाबावर तासभर तपासलं. सगळं मिळून १४,८०० रुपये.

४ फेब्रुवारी : लोणा लागलेला गिलावा

जिथपर्यंत भुकटी दिसते त्याच्या वर आणखी निदान एक फूट गिलावा काढायचा. इथे २८ फूट लांबी, ४ फूट उंची, म्हणजे ११२ चौरस फूट. विटांचे सांधे अर्धा इंच खोल कोरले. क्षार कोरड्या ब्रशने झाडून गोळा करायचा आणि घराबाहेर टाकायचा. इथे बहुतेक जण पाइपने भिंत धुतात; क्षार पाण्यात विरघळतो आणि परत विटेत जाऊन बसतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पोपडे येतात.

भिंत उघडी ठेवून खिडक्या उघड्या, पंखा भिंतीकडे तोंड करून. विटांचा रंग एकसारखा फिकट झाल्यावर १:४ चा गिलावा, सिमेंटच्या प्रत्येक पोत्याला २०० मिलिलिटर वॉटरप्रूफिंगचं द्रावण. माल कालवायला आणि वर पाणी मारायला महापालिकेच्या नळाचंच पाणी वापरलं. बोअरच्या पाण्याने केलेल्या गिलाव्यात आपणच क्षार भरत असतो. त्यासाठी नळ येण्याच्या दिवशी दोन पिंपं भरून ठेवली होती. खर्च ७,६००.

१२ फेब्रुवारी : हौद, बोअर, सोलर

हौद ८ बाय ६ बाय ५ फूट, म्हणजे साधारण ६,८०० लिटर. हा आकडा जाहिरातीत लिहायचा असतो, म्हणून आतून मोजला. भरून २४ तास ठेवला आणि पातळी पाहिली. या मापाच्या हौदात १ सेंटीमीटर घट म्हणजे सुमारे ४५ लिटर पाणी गेलं. घट नव्हती. तळाशी बोटभर गाळ होता, तो काढला, भिंती ब्लीचिंगच्या पाण्याने घासून धुतल्या. हौदात उतरण्याआधी झाकण बराच वेळ उघडं ठेवा, एकट्याने उतरू नका, वर माणूस पाहिजेच. बंद जागेत ब्लीचिंगचा वास जीव घेऊ शकतो. गंजलेलं लोखंडी झाकण बदललं. २,८०० रुपये.

बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, मीटरवर १,१४० दिसला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. पाणी पिण्याचं नाही, वापराचं आहे, असंच सांगायचं ठरवलं. बोअर आणि नळ यांच्या लाइन वेगळ्या करून कॉकवर रंगाने खूण केली.

सोलर २०० लिटरचा, २० नळ्यांचा. एका नळीच्या बुडाशी चकाकणारा चंदेरी भाग पांढरा पडला होता. याचा अर्थ आतली निर्वात पोकळी गेली, नळी पाणी तापवत नाही. नळी आणि रबरं मिळून १,१०० रुपये. नळी बदलायचं काम सूर्य उगवायच्या आत करावं. दुपारी तापलेल्या नळीत गार पाणी गेलं की ती तडकते.

२० फेब्रुवारी : वीज

ग्रिप फ्यूजचा बोर्ड काढून एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (शॉक लागू नये म्हणून गळतीला वीज तोडणारा स्विच) बसवला. गीझर आणि एसीच्या पॉइंटला ४ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर. बाकी वायरिंग तपासून ठेवलं, बदललं नाही. अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होता. मीठ-कोळसा भरून पाणी सोडल्यावर रीडिंग ११ ओहमवरून ३ वर आलं. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहिलं नाही तर ते पुन्हा चढतं. ९,४०० रुपये.

बाथरूमच्या दाराची चौकट वाळवीने पोखरली होती, ती काढून ग्रॅनाइटची बसवली. बाकीच्या चौकटींना भिंतीच्या सांध्यालगत दर ६ इंचांवर तिरकी भोकं पाडून वाळवीचं औषध सोडलं. ६,२००.

१ मार्च : पुट्टी फुगली

रंगारी मोकळा होता म्हणून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बेडरूमच्या नव्या गिलाव्यावर पुट्टी मारली गेली. आज तिच्यावर नाण्याएवढे फुगे. नख लावलं की पापुद्रा सुटतो आणि आत दमट.

गिलावा वरून पांढरा दिसला तरी आतून सुकलेला नसतो. तपासायची रीत सोपी आहे. एक फूट बाय एक फूट पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करायचं आणि २४ तास ठेवायचं. आतून दव जमलं तर थांबायचं. आज लावलेल्या प्लॅस्टिकवर दव आलं. हॉलच्या बाजूलाही आलं, तिथे निदान पुट्टी मारली नव्हती. ओली पुट्टी खरवडून टाकली. माल आणि मजुरी मिळून १,४०० वाया, आणि रंगकामाची सगळी साखळी पुढे ढकलली. गिलावा आणि पुट्टी यांमध्ये निदान महिनाभर धरा. रंगाऱ्याच्या सवडीने भिंत वाळत नाही.

१३ मार्च : रंग

प्लॅस्टिक आतून कोरडं. आता पुट्टी. जुना डिस्टेंपर जिथे बोटाला लागत होता तिथे पूर्ण खरवडला. त्यावर इमल्शन मारलं तर रंगासकट पापुद्रे निघतात.

भिंती आणि छत मिळून १,९०० चौरस फूट. लागलं ते : पुट्टीची ४० किलोची ३ पोती, प्रायमर २० लिटर, इमल्शन ३० लिटर. बाहेरच्या दर्शनी बाजूंना प्रायमर आणि २० लिटर रंग, ग्रिलला ऑइलपेंट. माल १७,२५०, मजुरी १८,५००. आत सगळीकडे एकच फिकट मलई रंग. शुभ्र पांढरा टाळला, इथल्या धुळीत तो महिन्याभरात कळकट दिसतो. एक भिंत गडद करायचा आग्रह रंगारी करतात. विकायच्या घरात नको, खोली लहान वाटते आणि येणाऱ्याला ती कुणा दुसऱ्याची वाटते.

शेवटचा हात आज मारला नाही. आधी फरशी.

१९ मार्च : फरशी, आणि व्हरांड्यातलं नुकसान

मोझॅक उखडून व्हिट्रिफाइड टाकावी असं सगळ्यांनी सुचवलं. नाही टाकली. मोझॅक मशीनने घासली की तीस वर्षांची फरशीही उजळते. ४८० चौरस फूट, फुटाला १८ रुपये, ८,६४०. घासताना राखाडी चिखल भिंतीच्या खालच्या पट्टीवर उडतो, म्हणूनच रंगाचा शेवटचा हात नंतर. तो चिखल मोरीत जाऊ द्यायचा नाही. नहाणी ट्रॅपमध्ये (मोरीच्या जाळीखालच्या, पाणी अडवून ठेवणाऱ्या कपात) बसून तो सिमेंटसारखा घट्ट होतो. बादलीत भरून बाहेर टाकला.

व्हरांड्याची शहाबादी साफ करायला आलेल्या माणसाने संडासचं ॲसिड ओतलं. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. ॲसिड पडताच फेस आला आणि धुतल्यावर ढगाळ पांढरे चट्टे उरले. ते पुसून जात नाहीत, वरचा थर जळलेला असतो. मशीन पुन्हा बोलावून तेवढा भाग घासावा लागला, १,२०० रुपये. शहाबादीला साधं साबणाचं पाणी आणि ब्रश, बस. नळांवरच्या क्षारालाही ते ॲसिड नको, क्रोम जातो. एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूफूल, त्यात भिजवलेलं फडकं नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवायचं. मग क्षार बोटाने निघतो.

२७ मार्च : स्वयंपाकघर, बाथरूम

कडप्प्याचा ओटा तसाच ठेवला. ओटा आणि टाइल्समधला काळा पडलेला सांधा कोरून इपॉक्सीने भरला, सिंकची जाळी आणि खालचा पाइप बदलला. २,३०० रुपयांत स्वयंपाकघर स्वच्छ दिसू लागलं.

बंद घरात वास येतो त्याचं कारण बहुतेक वेळा नहाणी ट्रॅप असतो. त्यातलं पाणी उन्हाळ्यात आटतं, मग गटाराची हवा आणि झुरळं थेट आत. प्रत्येक ट्रॅपमध्ये आठवड्याला तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर गोडंतेल. तेलाच्या थरामुळे पाणी हळू उडतं. उदबत्तीने वास झाकू नका, घेणाऱ्याला शंका येते.

माळा पूर्ण रिकामा केला. देवघराची जागा पुसून मोकळी ठेवली. शहराच्या पूर्वभागातून येणाऱ्या तेलुगू भाषक आणि इतर कन्नड भाषक कुटुंबांत वास्तूबद्दल बारकाईने विचारतात, म्हणून घराच्या नकाशावर होकायंत्राने दिशा नीट लिहिल्या.

आतापर्यंतचा एकूण खर्च १ लाख ११ हजारांच्या आसपास, वाया गेलेली पुट्टी वेगळी. फॉल्स सीलिंग, नवा ओटा, नवी फरशी, मॉड्युलर किचन यांची अंदाजपत्रकं आली होती. ती सगळी बाजूला ठेवली.

३ एप्रिल : फोटो आणि दाखवणं

पूर्वेकडच्या खोल्यांचे फोटो सकाळी ८ ते ९, पश्चिमेकडचे साडेपाचनंतर. सगळ्या खोल्यांत एकाच रंगाचे एलईडी. जाहिरातीत प्लॉटचं क्षेत्र, बांधकामाचं क्षेत्र, हौद ६,८०० लिटर, बोअर चालू, वापर परवाना आहे, एवढं स्पष्ट. 'हवेशीर', 'प्रशस्त' असे शब्द टाकले नाहीत. घराचा भाव ठरवताना १ एप्रिलनंतरचा रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला मालमत्तेचा) दर पाहून घेतला. त्याहून कमी भावात व्यवहार झाला तरी मुद्रांक शुल्क रेडी रेकनरच्या किमतीवरच भरावं लागतं, आणि घेणारा ते हिशेबात धरतो. नोंदणी शुल्क किमतीच्या १ टक्का, जास्तीत जास्त ३०,०००.

हॉलच्या टेबलावर एक फाइल ठेवली आहे. तिच्यात कागदांच्या झेरॉक्स, आणि कामाचे फोटो : उघडी पडलेली भिंत, फुटलेला एल्बो, गच्चीचा सांधा, पाणी भरलेली गच्ची, कोरडं प्लॅस्टिक. पाइपचा कापलेला तुकडाही तिथेच. ओल होती हे लपवलेलं नाही. नव्या रंगाचं घर पाहिलं की जाणता माणूस आधी भिंत ठोकतो आणि मनात म्हणतो, खाली काय झाकलंय? फाइल चाळल्यावर तो प्रश्न उरत नाही, आणि भाव पाडायला त्याचा आधारही घेता येत नाही. आलेल्यांपैकी बहुतेकांनी ओट्याबद्दल विचारलंही नाही. एका काकांनी मात्र गच्चीवर जाऊन कठड्याचा वाटा सगळीकडून बोटाने दाबून पाहिला, मग खाली येऊन विचारलं, 'हौदाचं झाकण उघडता का?'

दुपारी ३ ला येऊ का, असं कुणी विचारलं तर नाही म्हणू नये. तासभर आधी खिडक्या उघडून, पश्चिमेचे पडदे ओढून ठेवायचे.

२४ एप्रिल : विसार पावतीनंतर

अक्षय्य तृतीयेच्या आधी बोलणी पक्की करायचा घेणाऱ्यांचा आग्रह होता. विसार पावतीत रक्कम, खरेदीखताची मुदत, कर्ज नामंजूर झालं तर विसार परत कसा, हे लिहिलं. घरासोबत काय जाणार तेही नावानिशी : सोलर, बोअरची मोटर, हौदाची मोटर, ५ पंखे, ट्यूब, पडद्यांचे रॉड. हे न लिहिल्यामुळे ताबा देताना पंख्यांवरून झालेले वाद इथे घरोघरी ऐकायला मिळतात.

खरेदीखत होईपर्यंत किल्ली आपल्याकडेच. दर आठवड्याला ट्रॅपमध्ये पाणी, अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या, दोन्ही मोटरी पाच मिनिटं चालू. बंद मोटर उन्हाळ्यात जाम होते. ताब्याच्या दिवशी वीज मीटरचं रीडिंग, टाकीची पातळी आणि दोन्ही मोटरी चालू असतानाचा व्हिडिओ घेणाऱ्यासमोर काढून दोघांच्याही मोबाइलवर ठेवायचा आहे.